पुष्पौषधी घ्या हवी तर, पण धडधडीचं आधी बघा

हिंजवडीहून घरी येताना छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, आईच्या दुखण्याची सतत काळजी. त्यात कुणीतरी पुष्पौषधीचं (फुलांपासून केलेल्या थेंबांचं) पॅकेज सुचवलंय आणि झोपेची गोळी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना वाटलं, हे तर माझंच वर्णन चाललंय. मी डॉक्टर नाही, फक्त यातून गेलेली बाई आहे.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली, त्यांनाच विचारा.

मी कोथरूडमधल्या एका पुष्पौषधी केंद्रात जायचे, नाव लिहीत नाही. तिथल्या बाई ऐकून छान घ्यायच्या, ते मान्य. पण बाटलीवर फुलांची नावं कधीच नाहीत, नुसतं माझं आडनाव आणि तारीख. विचारलं की "विश्वासाने घ्या हो." धडधड वाढली, हात थरथरायला लागले, वजन उतरलं, तर म्हणे "दबलेल्या भावना वर येतायत, चांगलं लक्षण आहे," आणि वर नवी बाटली! शेवटी नणंदेने धरून रक्त तपासायला नेलं. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) अगदी तळाला, म्हणजे थायरॉइड भलताच जोरात. पैशाचं जाऊ दे हो, पण फुकट गेलेल्या महिन्यांचा राग अजून येतो. त्यातून शंका काढली की "तुम्ही फार निगेटिव्ह आहात" हे ऐकायचं.

आता फुलांबद्दल. ही पद्धत काढणारे डॉ. एडवर्ड बाख मुळात जंतुशास्त्रातले. त्यांची औषधं ३८, त्यातलं रॉक वॉटर तर फूलही नाही, झऱ्याचं पाणी. चाचण्यांमध्ये ही औषधं नुसत्या खोट्या औषधापेक्षा सरस ठरलेली नाहीत, हे माहीत असूनही डोक्यात तेच ते फिरायला लागलं की मी त्यातलंच व्हाइट चेस्टनट घेते. माझ्या मते उपयोग होतो तो निवडण्याचा. भीती कशाची ते सांगता येत असेल तर मिम्युलस, कारणच सापडत नसेल तर ॲस्पेन. एवढं ठरवायला बसलं की स्वतःशी जरा खरं बोलावं लागतं. तुमची आईची काळजी रेड चेस्टनटकडे जाते, ते जवळच्या माणसांच्या अति काळजीसाठी, असं मला वाटतं. चुकत असेन तर जाणकारांनी सांगा.

घ्यायचीच तर पेठांतल्या होमिओपॅथीच्या दुकानांत एकेक बाटली सुटी मागा. ३८ चा संच कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. थेंब ब्रँडीत टिकवलेले असतात, त्यामुळे घरात कुणी दारू सोडलेली असेल, विशेषतः डायसल्फिराम (दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी) चालू असेल, तर त्यांना देऊ नका. आणि सुगंधी तेलं हा वेगळाच प्रकार आहे, ती पोटात घ्यायची नसतात. आमच्या सोसायटीत एका काकूंनी लव्हेंडरचं तेल पाण्यातून घेतलं होतं, म्हणून सांगते.

पॅकेजचे पैसे भरले नसतील तर थोडं थांबा. या आठवड्यात धडधडीसाठी फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे तुम्हीच विचारा.