एसएनएलच्या पन्नाशीवर लोक इतके का भांडले? रडणारेही खरे, कंटाळलेलेही खरे

तुमचा प्रश्न असा आहे : ‘एसएनएल’ म्हणजे ‘सॅटरडे नाईट लाइव्ह’ या शनिवारी रात्री थेट दाखवल्या जाणाऱ्या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाच्या ५० वर्षांच्या विशेष कार्यक्रमावर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया इतक्या टोकाच्या का आल्या, जुने प्रेक्षक नुसत्या आठवणींसाठी उगाच हसत होते का, आणि ज्याने हा कार्यक्रम कधीच पाहिला नाही त्याने तो बघावा का?

त्यातलं ‘उगाच हसत होते का’ मला झोंबलं. याच अर्थाचं वाक्य मी १९८७ साली ऐकलंय, तेही घरातल्या माणसाच्या तोंडून आणि वीसेक पाहुण्यांसमोर. म्हणून लिहिते आहे.

मी १९८६च्या वसंतात लग्नाची नवी नवरी म्हणून न्यू जर्सीत आले. थोड्याच महिन्यांत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, शिफ्ट दुपारी तीन ते रात्री अकरा, आणि शनिवार हमखास माझ्या वाट्याला. नवरा गाडी घेऊन न्यायला यायचा. घरी पोचेपर्यंत अकरा पंचवीस. त्याने वरण-भात गरम करून ठेवलेला असायचा, लिंबाची फोडसुद्धा कापलेली. साडेअकराला टीव्हीवर हा कार्यक्रम लागायचा. त्या वेळी जागं असलेलं आणि आम्हा दोघांना परवडणारं करमणुकीचं साधन ते एवढंच. बर्फ पडला की रस्त्यात उशीर व्हायचा, म्हणून तो निघण्याआधी व्हीसीआरवर रेकॉर्डिंग लावून यायचा. त्या कॅसेटींच्या पाठीवर मराठीत ‘शनिवार’ आणि तारीख लिहिलेली असे. अजून २३ कॅसेटी माझ्याकडे आहेत.

सुरुवातीला मला काही कळायचं नाही, हे खरं. इंग्रजी कळायचं, विनोद कळायचा नाही. हा कुठला सिनेटर, तो कुठला धर्मोपदेशक, ही जाहिरात कशाची नक्कल, हे नवरा घास गिळता गिळता सांगायचा आणि तेवढ्यात पुढचे दोन विनोद निघून जायचे.

मग डिसेंबर १९८६ आला. इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना दिल्याचं इराण-काँट्रा प्रकरण नुकतंच फुटलं होतं. लॅबच्या जेवणाच्या खोलीत दिवसभर तेच चालू असायचं : राष्ट्राध्यक्ष रेगनना यातलं माहीत होतं की नव्हतं? आणि त्या शनिवारी कार्यक्रमातला नट फिल हार्टमन रेगन झाला. फोटो काढायला आलेल्या गर्ल स्काउटच्या छोट्या मुलीसमोर तो गोड, विसराळू आजोबा. मुलगी दाराबाहेर गेली की तोच माणूस ताठ उभा राहतो, सगळ्या सहकाऱ्यांना कामाला लावतो, फोनवर परक्या भाषांत व्यवहार करतो. पुन्हा कोणी भेटायला आलं की पुन्हा आजोबा. मी हसले. नवऱ्याने काही सांगायच्या आत हसले. तो माझ्याकडे बघतच राहिला. या देशातला, कोणीही समजावून न देता मला लागलेला तो पहिला विनोद. त्या रात्री मला वाटलं, आता आपण इथे राहू शकू.

आता माझे मोठे दीर. ते १९७४ साली विद्यार्थी म्हणून आले. ११ ऑक्टोबर १९७५चा पहिला भाग त्यांनी वसतिगृहाच्या हॉलमध्ये पाहिलेला. त्यांचं ठाम मत : पहिल्या संचातले जॉन बेलुशी, गिल्डा रॅडनर, डॅन ॲक्रॉइड हाच खरा कार्यक्रम, १९८०पर्यंत ती मूळ मंडळी गेली आणि सगळं संपलं. मत असायला माझी हरकत नाही. पण १९८७च्या गणपतीत त्यांच्या घरी जमलो असताना मी त्या रेगनची गोष्ट रंगवून सांगत होते, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तिकडे हशा पिकला की हिच्याकडे पिकतो. हिला काय कळतंय त्यातलं?’ सगळे हसले. जाऊबाईसुद्धा. मी स्वयंपाकघरात निघून गेले. नवरा काही बोलला नाही, मोठ्या भावापुढे तो कधीच बोलायचा नाही. त्यावरून आमचं घरी आल्यावर भांडण झालं, ते वेगळं.

तर १६ फेब्रुवारी २०२५, रविवार, रात्री आठ. माझ्या मुलीकडे आम्ही सगळे. दीर, जाऊबाई, मुलगी, जावई, १७ वर्षांचा नातू, मी. नवरा २०१९मध्ये गेला.

त्या साडेतीन तासांत काय झालं ते नीट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. जुने गायक पॉल सायमन तरुण गायिका सबरिना कारपेंटरबरोबर गायला उभे राहिले. आमची मुलगी म्हणाली, आवाज थकलाय. दीर ताडकन म्हणाले, हेच गाणं १९७६ साली याच कार्यक्रमात ते जॉर्ज हॅरिसनबरोबर गायले होते, मी तेव्हा बघत होतो. ८३ वर्षांच्या माणसाचा थकलेला आवाज एकाला दोष वाटला आणि दुसऱ्याला त्यातच सगळं सापडलं. पुढे ‘डोमिंगो’ हे पात्र आलं, तर नातू सोफ्यावरून खाली घसरला. आम्हा तिघा म्हाताऱ्यांचे चेहरे कोरे. ते प्रकरण ऑक्टोबर २०२४च्या एका भागात सुरू झालंय, हे नातवाने मला कानात समजावलं, आणि तोवर पुढचे दोन विनोद निघून गेले. कार्यक्रमातला जुना नट एडी मर्फी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या जुन्या नटाची, ट्रेसी मॉर्गनचीच नक्कल करायला लागला, तेव्हा मात्र पूर्ण खोली एकदम हसली. बहुधा तेवढी एकच वेळ.

मग गॅरेट मॉरिस आले, पहिल्या संचातले. त्यांनी १९७८ची एक छोटी फिल्म दाखवली. त्यात तरुण बेलुशी म्हाताऱ्याचा मेकअप करून बर्फातल्या कब्रस्तानात येतो, आपले सगळे सहकारी कसे कसे गेले ते सांगतो आणि त्यांच्या थडग्यांवर नाचतो. आपणच सर्वांत मागे उरलो, असं तो सांगतो. प्रत्यक्षात त्या संचातला सर्वांत आधी गेला तो बेलुशीच, मार्च १९८२मध्ये, ३३व्या वर्षी. मी दिरांकडे पाहिलं. चष्मा काढून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला होता. त्या वेळी खोलीत हसणारं कोणी नव्हतं.

माझ्या मुलीची पाळी नव्वदच्या दशकातल्या संचातल्या ॲडम सँडलरच्या गाण्याला आली. जॅक निकल्सननी त्याची ओळख करून दिली. क्रिस फार्ली आणि नॉर्म मॅकडोनल्ड या आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांची नावं घेताना सँडलरचा आवाज भरून आला आणि माझी पोर हमसून रडली, कारण तिच्या शाळेतल्या शनिवारच्या रात्री त्या पोरांच्या होत्या. फार्लीसुद्धा ३३व्या वर्षीच गेला, १९९७ला.

आणि मी वाट बघत होते फिल हार्टमन आणि त्याच्याच संचातल्या जॅन हुक्सची. तो १९९८मध्ये गेला, त्याच्या बायकोने गोळी घातली. ती २०१४मध्ये कर्करोगाने. त्या दोघांसाठी मला जेवढं हवं होतं तेवढं त्या रात्री मिळालं नाही, हे मी स्पष्ट सांगते. त्या दोघांची १९८८ची एक जुन्या सिनेमाच्या धाटणीची छोटी फिल्म आहे, दोघं रिकाम्या सभागृहात नाचतात. हुक्स गेल्यावर ती पुन्हा दाखवली होती. मला ती तिथे हवी होती. उलट कितीतरी मिनिटं अशा पाहुण्या तारे-तारकांना दिली ज्यांनी त्या स्टुडिओत आठवडाभर लिहिलं नाही, रात्र जागवली नाही. मेरिल स्ट्रीप चाललीच, कारण तिने संचातल्या केट मॅकिननच्या पात्राच्या आईचं काम मन लावून केलं. स्टीव्ह मार्टिनही, तो कायमच्या संचात कधीच नव्हता पण सुरुवातीपासून घरचाच आहे. बाकीच्यांची गर्दी मला खटकली. डॅन ॲक्रॉइड दिसला नाही, नंतरच्या संचातला बिल हेडर दिसला नाही. दिरांना पहिल्याची चुटपुट लागली, जावयाला दुसऱ्याची.

मला विचाराल तर प्रतिक्रिया टोकाच्या येण्याचं कारण इतकंच. साडेतीन तासांत प्रत्येक जण आपल्या पाच-सात मिनिटांची वाट बघत बसलेला होता. ज्याची आली तो रडला, ज्याची आली नाही त्याने ‘कंटाळवाणा’ म्हणून लिहिलं. चाळिशीचा विशेष कार्यक्रम २०१५मध्ये २ कोटी ३१ लाख लोकांनी पाहिला होता, पन्नाशीचा १ कोटी ४८ लाखांनी. या आकड्यावरून लोक ‘संपला कार्यक्रम’ म्हणतात. दहा वर्षांत टीव्हीसमोर बसायची सवयच गेली, त्याचं काय?

टॉम हँक्सच्या श्रद्धांजलीवरूनही बरंच वाजलं. श्रद्धांजली माणसांना नव्हती, तर आज दाखवता येणार नाहीत अशा जुन्या नकला-सोंगांना होती. काहींना ती कोडगेपणा वाटली. मला ती संध्याकाळची सर्वांत धाडसी गोष्ट वाटली, कारण त्यात ‘तेव्हा तुम्हीही हसलातच की’ हे प्रेक्षकांना सुनावलं होतं. दुसऱ्या देशातून आलेल्या, उच्चारांवरून कामावर नक्कल सहन केलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं.

आठवणींसाठी हसणं म्हणजे उगाच हसणं, हे मला मुळीच मान्य नाही. एखादा माणूस नुसता दारातून आत आला तरी आपण हसतो, कारण त्याच्याबरोबर आपण आधी शंभरदा हसलेलो असतो. तो विनोद त्या शंभर वेळांसकट असतो. आणि कोणी कशावर हसावं, कोणाला किती कळलं, याची परीक्षा घेणारा तुमच्या घरात असेल, तर त्याच्याशी तिथल्या तिथे बोला. मी बोलले नाही, ती माझी चूक झाली. माझ्यासारखं स्वयंपाकघरात जाऊ नका.

एक सांगायचं राहिलं : दिरांचंही थोडं बरोबर आहे. १९८०मध्ये निर्माते लॉर्न मायकल्सही सोडून गेले होते, ते १९८५ला परत आले, आणि मधलं पहिलं वर्ष फारच पडेल होतं. पण त्याच पडत्या वर्षात १९ वर्षांचा एडी मर्फी आला. ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहायला हवं होतं. ते पाहायचं नाही आणि वर दुसऱ्याची अक्कल काढायची, याला माझा विरोध आहे.

नव्या माणसाने काय करावं? पन्नाशीच्या कार्यक्रमापासून सुरुवात करू नका, परक्याच्या लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं होईल. आधी दोन-चार वेगवेगळ्या काळांतले सुटे तुकडे बघा. रेगनचा तो तुकडा बघणार असाल तर त्याआधी इराण-काँट्राबद्दल दहा मिनिटं वाचा.

मार्चमध्ये दीर माझ्याकडे राहायला आले होते. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘त्या कॅसेटी आहेत का अजून?’ व्हीसीआर बंद पडलाय, म्हणून मुलीने एक जुना मागवून दिला होता. डिसेंबर १९८६ची कॅसेट लावली. चित्र मधूनमधून ओढल्यासारखं होत होतं. गर्ल स्काउटची मुलगी बाहेर गेली, हार्टमन ताठ उभा राहिला आणि दीर मोठ्याने हसले. मी त्यांना म्हटलं, ‘दादा, १९८७च्या गणपतीत मी हेच सांगत होते.’ ते म्हणाले, ‘मला आठवत नाही.’ मी कॅसेट थांबवली, ते काय बोलले होते ते त्यांना शब्द न् शब्द सांगितलं आणि मग पुढचं लावलं.