आधी पॉइंट हलवा, मग फीचं बघू

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, मिस्टर कॉलेजात शिकवतात, मुलगी पुण्याला शिकते. पाच वर्षांपासून माझ्याकडे प्रवासासाठीचं एक महागडं क्रेडिट कार्ड आहे. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून त्याच्या अटी बदलणार असल्याचा मेल बँकेने पाठवला आहे. वार्षिक फी ८,००० वरून १०,००० होणार, जीएसटी वेगळा. विमानतळावरचं लाउंज आतापर्यंत कितीही वेळा आणि सोबतच्या एका माणसालाही फुकट होतं. आता ते फक्त मला मिळेल, देशात तिमाहीला दोनदा, तेही आधीच्या तिमाहीत ७५,००० रुपये खर्च झाला असेल तर. परदेशात वर्षाला दोनदा. खर्चावर मिळणाऱ्या एका पॉइंटला विमान कंपनीचा एक माइल मिळायचा, आता दोन पॉइंटला एक मिळणार. पाच लाखांच्या खर्चावर मिळणारे १०,००० जादा पॉइंट आता आठ लाखांवर मिळतील. विमा, शिक्षणाची फी, वीजबिल, कर यांवर पॉइंट नाहीत. दरवर्षीचं ५,००० रुपयांचं हॉटेल व्हाउचरही बंद. माझे १,१०,००० पॉइंट शिल्लक आहेत. नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं आहे. दीर म्हणतात, त्यांच्या इतवारीतल्या दुकानाचा माल माझ्या कार्डावर घेतला तर आठ लाख सहज होतील. पुढच्या वर्षी बेसाला फ्लॅट घ्यायचा विचार आहे, कर्ज लागेल. कार्ड ठेवू की बंद करू?

ताई, तुम्ही विचारलं आहे फीबद्दल, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आकडा फीचा नाही. तो १,१०,००० पॉइंटांचा आहे, आणि त्याला मुदत लागली आहे. म्हणून सुरुवात तिथून करते.

माइल म्हणजे विमान कंपनीच्या खात्यातले पॉइंट, ज्यांवर तिकीट काढता येतं. एका माइलची किंमत मी ८० पैसे धरते. कोणत्या मार्गावर आणि कोणत्या तारखेला वापराल यावर ती कमीजास्त होईल, पण सावध हिशोबाला हा आकडा बरा. महिना संपायच्या आत पॉइंट हलवले तर त्यांचे १,१०,००० माइल होतात, म्हणजे सुमारे ८८,००० रुपये. १ तारखेनंतर हलवले तर ५५,००० माइल, म्हणजे ४४,००० रुपये. पुढच्या चार वर्षांच्या फीइतके पैसे या तीनेक आठवड्यांत ठरणार आहेत. कार्ड ठेवायचं की नाही यावर घरात चर्चा चालू राहू द्या, पण हे काम त्या चर्चेसाठी थांबवू नका.

घाईघाईने मात्र हलवू नका. एकदा विमान कंपनीच्या खात्यात गेलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. तुम्ही लिहिल्याप्रमाणे डिसेंबरमध्ये तुम्ही तिघं सिंगापूरला बहिणीकडे जाणार आहात, आणि तुमच्या बँकेतून पॉइंट जिथे हलवता येतात त्या यादीत सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर आणि एअर इंडियाची महाराजा क्लब, या माइलच्या दोन्ही योजना आहेत. आधी दोन्हीकडे खाती उघडा, नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर टाका. मग मुंबई–सिंगापूरच्या तारखा घालून माइलवर मिळणाऱ्या जागा खरोखर आहेत का, हे संकेतस्थळावर बघा. डिसेंबरच्या सुट्ट्यांत त्या लवकर संपतात, आणि तिघांना एकाच विमानात मिळणं आणखी कठीण. जागा दिसली की त्या तिकिटाची रोख किंमत लिहा, माइलवर काढलं तरी जे कर रोखीने भरावे लागतात ते त्यातून वजा करा, आणि उरलेल्याला माइलने भागा. ८० पैशांच्या वर आलं तर उत्तम. ५० पैशांच्या खाली आलं तर त्या तारखेला रोखीने तिकीट काढा आणि माइल दुसऱ्या प्रवासाला ठेवा.

क्रिसफ्लायरचे माइल तीन वर्षांनी बाद होतात, हे लक्षात असू द्या. म्हणून सगळे एकाच ठिकाणी टाकू नका. सिंगापूरला लागतील तेवढे आणि थोडे वर असे तिकडे, उरलेले एअर इंडियाकडे, कारण नागपूरहून मुंबई-दिल्लीला तुमचं जाणं-येणं असतंच. हलवायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता फी. गेल्या वर्षापर्यंत हे कार्ड तुम्हाला फायद्याचं होतं, यात मला शंका नाही. वर्षाला सहा लाखांचा खर्च, शंभराला तीन पॉइंट म्हणजे १८,००० पॉइंट, पाच लाखांचा टप्पा ओलांडल्याचे १०,०००, असे २८,००० माइल. त्यांचे २२,४०० रुपये आणि हॉटेलचं ५,०००चं व्हाउचर. समोर फी होती जीएसटी धरून ९,४४०. लाउंज न धरताही कार्ड फीच्या जवळपास तिप्पट देत होतं.

पुढचं वर्ष वेगळं आहे. सहा लाखांपैकी मुलीची फी १,६०,०००, विमा ९०,०००, महावितरण आणि महापालिकेचा कर धरून ५०,०००, असे तीन लाख पॉइंटांच्या बाहेर गेले. उरलेल्या तीन लाखांवर ९,००० पॉइंट, त्यांचे ४,५०० माइल, म्हणजे ३,६०० रुपये. आठ लाखांचा टप्पा तुमच्या आवाक्यात नाही.

लाउंजचा हिशोब लोक चुकीचा करतात असं मला वाटतं. काउंटरवर लिहिलेला दर धरायचा नाही. लाउंज नसतं तर विमानतळावर तुम्ही चहा-नाश्त्याला जे खर्च केले असते ते धरायचे. मी चारशे धरते. तीन लाखांचा खर्च चार तिमाहींत वाटला तर बरोबर ७५,००० येतो, म्हणजे तुम्ही नेमक्या काठावर आहात. दिवाळीच्या तिमाहीत पार कराल, एप्रिल ते जूनमध्ये कदाचित नाही. दोन तिमाही पात्र ठरल्या तर देशात चार वेळा, परदेशात दोनदा, असे सहा गुणिले चारशे, २,४०० रुपये.

त्यातही तुमचा प्रवास बदलला आहे, हे पत्रातच दिसतं. मुलगी आता अजनीहून सुटणाऱ्या वंदे भारतने पुण्याला येते-जाते. ती गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. दिवाळीला तुम्ही गाडीने समृद्धीवरून गेलात. जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरता खुला झाल्यापासून माझ्याकडे येणारी बरीच नागपूरकर कुटुंबं असंच करतात. विमानाच्या फेऱ्या घटल्या की विमानाच्या कार्डाची किंमत घटते, बँकेने काही कापलं नसतं तरी घटली असती. तेव्हा ते चार-दोन वेळांचं लाउंजही मी उदारपणे धरलं आहे.

तिसरा फायदा परकीय चलनाचा. तुमच्या कार्डावर परदेशातल्या खर्चावर २ टक्के शुल्क आहे, जीएसटी धरून २.३६. साधारण कार्डांवर ३.५ टक्के असतं, जीएसटी धरून ४.१३. सिंगापूरला दीड लाख कार्डावर खर्च केला तर फरक २,६५५ रुपयांचा. पण परकीय चलनावर जादा शुल्क न घेणारी, वार्षिक फी नसलेली कार्डंही आपल्याकडे मिळतात, काही मुदत ठेवीच्या तारणावर. असं एखादं डिसेंबरआधी काढलं तर हा फायदा या कार्डाच्या नावावर राहतच नाही. तरी धरू.

३,६००, २,४०० आणि २,६५५ मिळून ८,६५५. फी जीएसटीसह ११,८००. म्हणजे ३,१४५ रुपयांचा खड्डा. त्यात आणखी एक भर घाला. हाच तीन लाखांचा खर्च एक टक्का परत देणाऱ्या बिनफीच्या कार्डावर केला असता तर ३,००० रुपये आले असते. खरा तोटा ६,१४५ रुपयांचा, आणि तो मी लाउंज आणि परकीय चलनाचे आकडे कार्डाच्या बाजूने झुकवून काढला आहे.

दिरांचा प्रस्ताव आपुलकीचा आहे, पण तो स्वीकारू नका. आठ लाखांपर्यंत जायला पाच लाखांचा माल कार्डावर घ्यावा लागेल. घाऊक व्यापारी कार्ड स्वाइप केलं की दोन टक्के वर मागतात, ते झाले १०,००० रुपये. बदल्यात पाच लाखांवर १५,००० पॉइंट आणि टप्प्याचे १०,०००, असे २५,००० पॉइंट, म्हणजे १२,५०० माइल, म्हणजे १०,००० रुपये. हातात शून्य. आणि या शून्यासाठी काय काय अंगावर घ्याल ते बघा. व्यक्तिगत कार्डावर धंद्याची खरेदी बहुतेक बँकांच्या अटींत बसत नाही. पॉइंट गोठवायला तेवढं कारण पुरतं. आठ लाखांत पॉइंट न मिळणारे तीन लाख मिळवले की वर्षाची बिलं अकरा लाखांवर जातात, आणि आर्थिक वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त बिल भरलं गेलं की बँक ते आयकर खात्याला कळवते. त्यात गैर काही नाही, पण तुमच्या पगाराशी तो खर्च जुळत नाही आणि दिरांकडून खात्यात येणाऱ्या रकमांचं स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागेल. एखाद्या महिन्यात त्यांचं येणं अडकलं आणि सव्वा लाखाचं बिल राहिलं, तर महिन्याला ३.७५ टक्क्यांनी व्याज आणि त्यावर जीएसटी धरून साडेपाच हजार जातात. शिवाय त्या काळातल्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कर्जाच्या तोंडावर असा एक उशीर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदीत, नको. नात्यात तर मुळीच नको.

बँका सवलती अशा का कापतात, हेही सांगते, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडेल. दुकानदार कार्डाच्या व्यवहारावर जे शुल्क देतो त्यातून आणि उशिरा पैसे भरणाऱ्यांच्या व्याजातून बँक या सवलती चालवते. तुमच्यासारखी माणसं बिल वेळेवर भरतात, लाउंज वापरतात, पॉइंट चांगल्या दराने वळवतात. अशा ग्राहकांची संख्या वाढली की कापाकापी सुरू होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅक्सिस बँकेने मॅग्नस कार्डाची फी १०,००० वरून १२,५०० केली आणि महिन्याला एक लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट बंद केले, तेव्हा त्या पॉइंटांवर पुढच्या वर्षांचे प्रवास आखून बसलेल्यांचं गणित एका रात्रीत मोडलं. म्हणून पॉइंट साठवू नयेत असं मी माझ्या सगळ्या ग्राहकांना सांगते. पॉइंट म्हणजे ठेव नाही. त्यावर व्याज नाही, आणि त्याचा दर ठरवणं समोरच्याच्या हातात आहे.

आता बंद करायचं का? इथे मी तुमच्या फ्लॅटमुळे थांबते. या कार्डाचं लिमिट सहा लाख, दुसऱ्याचं दीड लाख. महिन्याला तुम्ही सरासरी पन्नास हजार वापरता. आज ते साडेसात लाखांच्या मानाने सात टक्क्यांच्याही खाली आहेत. हे कार्ड गेलं तर तेच पन्नास हजार दीड लाखांवर तेहतीस टक्के होतात. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असं कर्ज देणाऱ्यांकडे साधारण मानतात. एवढ्याने कर्ज नाकारलं जाईल असं नाही, पण गृहकर्जाच्या व्याजदरात पाव टक्क्याचा फरक पडला तर तो वीस वर्षं चालतो, आणि त्यापुढे कार्डाची फी काहीच नाही.

म्हणून माझा सल्ला: बंद करू नका, खाली उतरवा. त्याच बँकेचं बिनफीचं किंवा नाममात्र फीचं कार्ड मागा आणि लिमिट आहे तेवढंच ठेवायला सांगा. पाच वर्षांचं खातं चालू राहतं का, नवीन खातं म्हणून नोंद होते का, हे आधी विचारा.

त्याआधी एक फोन मात्र करा. नूतनीकरणाची पूर्ण फी माफ करता का, असं सरळ विचारा. पूर्ण माफ केली आणि तसं मेलवर लिहून दिलं तर कार्ड आणखी एक वर्ष ठेवा, ८,६५५ विरुद्ध ३,००० मध्ये ते जिंकतं. अर्धी माफ करतो म्हणाले तर नको. ५,९०० भरून हातात २,७५५ राहतात, त्यापेक्षा एक टक्का परत देणारं साधं कार्ड बरं. फीच्या बदल्यात तेवढेच पॉइंट देतो म्हणाले तर ते नव्या दराने मोजा, जुन्या नाही.

बँक खाली उतरवायला तयारच नसेल आणि बंद करायची वेळ आली, तर रिझर्व्ह बँकेचे कार्डांबाबतचे निर्देश तुमच्या बाजूने आहेत. शुल्कात ग्राहकाला तोट्याचा बदल झाला म्हणून कार्ड परत करायचं असेल तर बंद करण्याचं वेगळं शुल्क लावता येत नाही, थकबाकी तेवढी भरलेली हवी. अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढे दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवरचा माणूस वेगळं सांगू लागला तर मेल करा, आणि मेलमध्ये या निर्देशांचा उल्लेख करा.

उतरवा किंवा बंद करा, आधी या कार्डावर आपोआप कापले जाणारे पैसे दुसरीकडे वळवा. फास्टॅगचं रिचार्ज सगळ्यात आधी, नाहीतर समृद्धीच्या टोलवर कळेल.

तुम्ही पत्रात लिहिलं आहे की सासूबाईंना पहिल्यांदा विमानाने नेलं तेव्हा लाउंजमध्ये त्यांना निवांत बसवता आलं, आणि त्या अजून सगळ्यांना ते सांगतात. या गोष्टीला मी तक्त्यात किंमत लावलेली नाही, लावणारही नाही. पण नव्या अटींत सोबतच्या माणसाला प्रवेशच नाही. फीचे ११,८०० वाचले की पुढच्या वेळी त्यांच्यासाठी पैसे भरून लाउंज घ्या, किंवा पुढची पाय पसरता येतील अशी सीट. खिशाला ते झेपेल.

कर्जाचा अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधी सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांचे रिपोर्ट काढा. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात या कार्डाची नोंद, लिमिट आणि शून्य थकबाकी बरोबर दिसते का बघा. चूक दिसली तर संस्थेकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे लेखी तक्रार करा आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय गृहकर्जाचा अर्ज टाकू नका.