टॅरोत थ्री ऑफ स्वोर्ड्स (तीन तलवारी) कार्ड आलं म्हणजे पुढंपण असंच होणार का?

तसं काही नाही बघा. साखरपुडा मोडल्यावर बेळगावात टॅरो रीडिंग घेतलं, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून अर्थ सांगतात ते, त्यात हे कार्ड निघालं आणि तेव्हापासून घाबरलाय म्हणताय, पण हे कार्ड बहुतेक वेळा पुढचं सांगत नाही, जे दुःख आधीच झालंय तेच दाखवतंय. चित्र नीट बघा की, लाल हृदय, आरपार तीन तलवारी, मागं राखाडी ढग आणि पाऊस, माणूस एकपण नाही. हे चित्र १९०९ च्या रायडर-वेट या टॅरो पत्त्यांच्या संचासाठी चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं, आणि इटलीच्या पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का पत्त्यांतपण असंच तलवारी घुसलेलं हृदय आहे. टॅरोत तलवार म्हणजे विचार आणि शब्द, म्हणून इथला घाव बहुतेक बोलण्याचा, फसवणूक कळल्याचा, कधी माणूस गेल्याचा. उलटं आलं तर काहीजण सावरणं म्हणतात, काहीजण आत दाबलेलं रडू, शेजारची कार्डं बघूनच ठरतंय. मला त्यातला पाऊस महत्त्वाचा वाटतोय, आपल्या खानापूरकडं जुलैत झड लागते तसला, चार दिवस काही सुचू देत नाही पण उघडतोय की. रडू येतंय तर रडून घ्या.

दोष काढतो म्हणून कोण पूजा, खडा सांगून पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका, कार्डात दोष वगैरे काही नसतंय. झोप, जेवण सुटलं असेल तर मात्र घरच्यांना सांगा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीतपण बोलता येतंय.