सीएसआरमध्ये स्टिरॉइड बंद आणि यूव्हायटिसमध्ये सुरू, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाला (वय ३८) सीएसआर (सेंट्रल सीरस रेटिनोपॅथी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचणं) निघाला, ओसीटीच्या (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) रिपोर्टमध्ये कोरॉइडची जाडी ४३० मायक्रॉन आली आणि डॉक्टरांनी कुठल्याही स्वरूपातलं स्टिरॉइड टाळायला सांगितलं. उलट बहिणीला यूव्हायटिस (यूव्हिया या थराचा दाह) झाला होता तेव्हा स्टिरॉइडच्या थेंबांनीच डोळा सावरला. दोन्ही आजार यूव्हियाचे म्हणतात, मग उपचार इतके विरुद्ध कसे?

डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, टणक थर म्हणजे स्क्लेरा आणि सगळ्यात आतला म्हणजे पडदा (रेटिना). या दोहोंमधला, रक्तवाहिन्या आणि रंगद्रव्य यांनी भरलेला थर म्हणजे यूव्हिया. तो सलग एकच थर आहे: पुढे आयरिस (बाहुलीभोवतीची रंगीत चकती), त्यामागे सिलिअरी बॉडी आणि तिथून थेट ऑप्टिक नर्व्हपर्यंत कोरॉइड. बहिणीचा आजार या थराच्या पुढच्या टोकाचा होता, भावाचा मागच्या टोकाचा आहे. पण खरा फरक जागेचा नाही, बिघाडाच्या प्रकाराचा आहे.

आधी कोरॉइड. पडद्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या आहेत, पण त्या फक्त आतल्या थरांपर्यंत पोचतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी बाहेरच्या बाजूला असतात आणि त्यांचं जवळजवळ सगळं पोषण कोरॉइडमधून होतं. पडद्याच्या अगदी मध्यावर, फोव्हियाच्या ठिकाणी, सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या भागात पडद्याच्या रक्तवाहिन्या मुळीच नसतात. म्हणजे आपण ज्या बिंदूने वाचतो, सुईत दोरा ओवतो, तो पूर्णपणे कोरॉइडवर जगतो. डोळ्यात येणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे ८५ टक्के रक्त म्हणूनच या थरातून वाहतं. गंमत म्हणजे इतकं रक्त वाहूनही त्यातला ऑक्सिजन जेमतेम ३ ते ४ टक्केच काढून घेतला जातो. ही उधळपट्टी नाही: ऑक्सिजनला रक्तवाहिनीच्या बाहेर पडून दोन अडथळे ओलांडायचे असतात, त्यामुळे रक्तातला त्याचा दाब सतत चढा ठेवावा लागतो.

कोरॉइडमध्ये बाहेरून आत येताना आधी मोठ्या रक्तवाहिन्यांचा हॅलरचा थर, मग मध्यम वाहिन्यांचा सॅटलरचा थर आणि शेवटी कोरिओकॅपिलारिस हे केशवाहिन्यांचं दाट जाळं लागतं. त्याला लागून ब्रुखचं पातळ आवरण आणि त्यावर आरपीई या रंगद्रव्य-पेशींचा एकच थर; वर म्हटलेले दोन अडथळे हेच. कोरिओकॅपिलारिसच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून द्रव झिरपणं हे नेहमीचंच. ते पाणी पडद्याखाली शिरू न देणं आणि शिरलंच तर परत खेचून घेणं हे काम आरपीईचं.

सीएसआरमध्ये हॅलरच्या थरातल्या वाहिन्या फुगतात, वरचं केशवाहिन्यांचं जाळं दाबलं जातं आणि झिरपा फार वाढतो. आरपीईला तो पेलवत नाही, एखाद्या ठिकाणी तो हार मानतो आणि तिथून पाणी पडद्याखाली येतं. मधोमध करडा डाग, वस्तू लहान दिसणं, सरळ रेषा वाकड्या दिसणं ही लक्षणं त्यातूनच येतात. इथे दाह नाही, त्यामुळे स्टिरॉइडला शमवण्यासारखं काहीच नसतं. उलट स्टिरॉइडमुळे या वाहिन्या आणखी फुगतात, असं सध्या मानलं जातं.

बहिणीच्या डोळ्यात उलट परिस्थिती होती. आयरिसच्या रक्तवाहिन्यांना छिद्रं नसतात, त्यांच्या भिंती घट्ट असतात, म्हणून पुढच्या कप्प्यातलं पाणी स्वच्छ राहतं. दाहामुळे हा बंदोबस्त मोडतो आणि प्रथिनं, पांढऱ्या पेशी त्या पाण्यात उतरतात. स्लिट लॅम्पच्या (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) प्रकाशझोतात त्या धुळीच्या कणांसारख्या तरंगताना दिसतात. मग आयरिस मागच्या भिंगाला चिकटू लागते. बाहुली पूर्ण गोलाईत चिकटली तर सिलिअरी बॉडीत मिनिटाला २ ते २.५ मायक्रोलिटर तयार होणारं पाणी पुढे यायला वाट उरत नाही आणि डोळ्याचा दाब चढतो. बाहुली मोठी करणारे थेंब दिले जातात ते ही चिकटण टाळायला आणि सिलिअरी स्नायूचा ठणका थांबवायला. दाह मात्र स्टिरॉइडच विझवतं. ते हळूहळूच कमी करायचं असतं. मध्येच सोडलं तर आजार उसळून येतो.

आता ४३० मायक्रॉनबद्दल. फोव्हियाखाली निरोगी प्रौढांत साधारण २५० ते ३०० मायक्रॉन जाडी सापडते, पण वयानुसार आणि मायनस नंबर वाढेल तशी ती घटते, शिवाय दिवसभरातही थोडी बदलते. म्हणून एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. भावाला मायनस नंबर असेल तर मात्र ४३० अधिकच ठळक ठरतात.

एक गोष्ट मी आवर्जून तपासून घेईन. पडद्याखाली पाणी आणि जाड कोरॉइड हे चित्र व्हीकेएच (व्होग्ट-कोयानागी-हारादा) या यूव्हायटिसमध्येही दिसतं आणि तिथे मोठ्या मात्रेत स्टिरॉइड लागतं. दोन्ही डोळे एकदम बिघडणं, डोकेदुखी, कानात आवाज, डोळ्यातल्या जेलीत पेशी दिसणं यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शंका असेल तिथे आयसीजी अँजिओग्राफी (शिरेतून रंग टोचून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेणं) उपयोगी पडते, कारण त्या रंगासाठी वापरला जाणारा अवरक्त प्रकाश आरपीई पार करून कोरॉइड दाखवतो.

स्टिरॉइड टाळा म्हणजे फक्त गोळ्या टाळा असं नाही. ॲलर्जीचा नाकातला स्प्रे, दम्याचा पंप, खाजेवरचं मलम, गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शन, 'ताकद वाढवणारी' बिनलेबलची पावडर, सगळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. पण दम्याचा पंप किंवा रोजची स्टिरॉइडची गोळी स्वतःहून एकदम थांबवू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून पर्याय घ्या. बहिणीचे उरलेले थेंब भावाच्या डोळ्यात अजिबात नको.

बहुतेकांचं पाणी ३ ते ४ महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून सुरुवातीला नुसतं थांबणं हाही उपचारच आहे. त्यानंतरही टिकलं तर निम्म्या मात्रेची फोटोडायनॅमिक थेरपी (शिरेतून औषध देऊन ते लेझरच्या प्रकाशाने कार्यरत करणं) हा सगळ्यात भक्कम पर्याय. एप्लेरेनोनच्या गोळ्या अजूनही लिहिल्या जातात, पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत त्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरल्या नाहीत. तोवर आठवड्यातून एकदा प्रत्येक डोळा वेगळा झाकून चौकड्यांच्या कागदाकडे बघायला सांगा. रेषांचा वाकडेपणा अचानक वाढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओसीटी करा, कारण अशा कोरॉइडमधून कधी कधी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यांना इंजेक्शन लागतं.