ठासणीची लांब रायफल किटमधून पहिल्यांदा बांधताना नेमकं कुठे चुकतं?

तुम्ही पेनसिल्वेनियात राहता, सुतारकामाची हत्यारं घरी आहेत आणि पहिलीच चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी) लांब रायफल किटमधून बांधायची आहे. कुठलं किट घ्यावं आणि काम कुठे बिघडतं, असा तुमचा प्रश्न. जागा तरी योग्य निवडलीत. ही रायफल तुमच्याच राज्यातल्या लँकेस्टर भागात, अठराव्या शतकात जर्मन बोलणाऱ्या कारागिरांच्या हातून घडली. त्यांनी युरोपातली आखूड, जाड येगर रायफल हळूहळू लांब आणि सडपातळ केली. केंटकी रायफल हे नाव नंतरचं.

आधी कायदा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशी ठासणीची प्रतिकृती ‘अँटिक’ धरली जाते, म्हणजे साध्या बंदुकीचे नियम तिला लागत नाहीत, पण राज्यांचे नियम वेगळे आहेत. शेजारचं न्यू जर्सीच तिला इतर बंदुकांसारखंच शस्त्र मानतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा. भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, तो बाळगण्याचा. परवान्याशिवाय घरी बंदूक बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुढचं फक्त वाचण्यापुरतं.

किटचे ढोबळ दोन प्रकार. ट्रॅडिशन्स कंपनीच्या केंटकी किटसारखी स्वस्त किटं: दस्ता (बंदुकीचा लाकडी भाग) दोन तुकड्यांत, मध्ये पितळी पट्टी, लाकूड साधं, भोकं पाडलेली, पण पितळ खडबडीत आणि लाकूड सगळीकडे जाड. दुसरी किबलर कंपनीसारखी, जिथे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राने खाचा इतक्या नेमक्या कोरलेल्या असतात की लॉक (घोडा आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा) जवळजवळ स्वतःच जाऊन बसतं. पैसे असतील तर पहिली रायफल दुसऱ्या प्रकारातली घ्या. स्वस्त किटमधून चांगली रायफल होते, पण ती अनुभवी हातात होते. तिसराही एक प्रकार असतो, नुसत्या सुट्या भागांचा आणि अर्धवट घडवलेल्या दस्त्याचा. त्याच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नका.

किटमध्ये जोडण्यासारखं फारसं नसतं. नळी तयार, लॉक तयार, ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच, घट्ट बसवलेला (तो उघडायचा नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही). उरतं ते लाकूड काढणं, आणि कुठलं लाकूड आधी काढायचं यावर सगळं काम ठरतं. क्रम असा: नळी आणि तिची मागची शेपटी, मग लॉक, मग चाप, मग दस्त्यामागची पितळी पाटी. हे सगळं बसल्यावरच बाहेरचा आकार. उत्साहाच्या भरात लोक आधी दस्ता घासून गुळगुळीत करतात आणि मग खाचेच्या कडा धातूच्या खाली जातात. तिथे परत लाकूड आणता येत नाही.

नळी बसवताना मेणबत्तीची काजळी धरा. नळीच्या तळाला आणि ब्रीचच्या मागच्या सपाट बाजूला काजळी लावून नळी खाचेत दाबा आणि सरळ वर उचला. लाकडावर काळे ठिपके उमटतात, तेवढेच छिन्नीने खरवडा. ठिपका म्हणजे एक केस जाडीचं लाकूड, त्याहून जास्त नाही. ब्रीचची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकली पाहिजे, कारण बार उडाल्यावरचा धक्का तीच झेलते. याउलट शेपटीच्या अगदी टोकामागे कागद सरकेल इतकी फट मुद्दाम ठेवा. शेपटीचं टोक लाकडाला टेकलं तर ते पाचरीसारखं काम करतं आणि काही बारांनंतर दस्त्याच्या मनगटापाशी (हाताने धरायच्या बारीक भागापाशी) चीर जाते.

नळी धरणाऱ्या पिनांचंही तेच. नळीखालच्या लगमधलं (पिन ज्यातून जाते त्या धातूच्या तुकड्यातलं) भोक गोल ठेवू नका, बारीक कानसीने पुढे-मागे साधारण १/३२ इंच लांबट करा. लाकूड लांबीत कमी हलतं हे खरं, पण चाळीसेक इंचांत तेवढंही पिन वाकवायला पुरतं.

आता लॉक. नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. लॉक हातात धरून घोडा ओढला की झकास चालतं, ठिणग्याही पडतात. दस्त्यात बसवलं की घोडा सुस्त पडतो, किंवा अर्ध्या घोड्यावर (अर्धा ओढून थांबवायच्या सुरक्षित जागी) अडकतच नाही. लॉकला दोष देऊन लोक स्प्रिंग घासायला बसतात. दोष नव्वद टक्के वेळा लाकडात असतो. तपासायच्या जागा तीन: मुख्य स्प्रिंग ज्या पोकळीत खाली-वर होते तिचा तळ, टंबलर (घोड्याबरोबर आत फिरणारा भाग) फिरतो ती जागा, आणि सिअरची (टंबलरच्या खाचेत अडकून घोडा रोखणाऱ्या भागाची) आडवी दांडी जाते ते भोक. ही दांडी वर किंवा खाली लाकडाला जराशी जरी घासली तरी सिअर खाचेत पूर्ण पडत नाही. त्या तिन्ही भागांना काजळी किंवा लिपस्टिक लावा, लॉक बसवा, घोडा दोन-तीनदा चालवून लॉक बाहेर काढा. कुठे घासतंय ते लाकूडच दाखवेल. एवढं करूनही सुस्त असेल तर लॉकचे स्क्रू पाव फेरा सैल करून पाहा. जास्त आवळल्याने लॉकची पाटी पिळली जाते, किंवा स्क्रूचं टोक आत टंबलरला टेकतं. टेकत असेल तर स्क्रू आखूड करायचा, लॉक घासायचं नाही.

मुख्य स्प्रिंग काढायची असेल तर तिच्यासाठीचा छोटा शिकंजा वापरा. पक्कडीने काढली तर स्प्रिंग तुटेल किंवा बोट फुटेल. सिअरचं टोक आणि टंबलरच्या खाचा यांना कानस लावू नका. ‘चाप हलका करू’ म्हणून केलेलं ते काम पूर्ण घोड्यावर भरलेली बंदूक आपोआप उडवू शकतं. चाप आणि सिअरची दांडी यांच्यात घोडा खाली असताना आणि अर्धा असताना दोन्ही वेळा किंचित मोकळीक हवी. अर्ध्या घोड्यावर रिकामी बंदूक धरून चाप जोराने दाबा. घोडा पडला तर काम पूर्ण झालेलं नाही.

कान, म्हणजे नळीतलं बत्तीचं भोक, रंजकाच्या (ठिणगीने आधी पेटणाऱ्या बारीक दारूच्या) वाटीच्या वरच्या काठाच्या पातळीत असावं. फार खाली असलं तर रंजक त्यात भरतं आणि वातीसारखं जळत जातं, म्हणून बार उशिरा होतो. व्यास सहसा १/१६ इंच असतो, तो उगाच मोठा करू नका.

बाहेरच्या आकाराला रास्प (लाकडाची भरड कानस) आणि स्क्रेपर. सँडपेपर अगदी शेवटी आणि कायम लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, नाहीतर कडा गोल होतात आणि रायफल वितळलेल्या साबणासारखी दिसते. दस्त्याच्या खालची रेषा सरळ पट्टी लावून तपासा. पितळी पाटी दस्त्यावर बसवूनच कानस चालवा, म्हणजे पितळ आणि लाकूड एका पातळीत येतात. कानशीच्या दातांत खडू घासला की पितळ अडकत नाही. पितळ ३२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत पुरे. आरशासारखं चमकवलं तर ते नळाच्या तोटीसारखं दिसतं, हे माझं मत.

मग लाकडाला ओलं फडकं मारा, हीट गनने सुकवा, उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या सँडपेपरने काढा. असं तीनदा. कर्ली मेपल असेल तर लोहाचं नायट्रेट पाण्यात विरघळवून लावा आणि हीट गन फिरवा: मळकट हिरवट रंग डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी होतो आणि पट्टे उठून येतात. हे अंगणात करा, वाफ छातीत जाऊ देऊ नका. अक्रोडाला रंगाची गरज नाही. वर उकळलेलं जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ थर. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.

नळीला रंग म्हणून मुद्दाम तपकिरी गंज चढवतात. त्याआधी ॲसिटोनने तेलकटपणा काढा आणि नळीचं तोंड आणि कान बंद करा. बोटाचा एक ठसा शेवटपर्यंत दिसतो, म्हणून हातमोजे. दमट जागेत गंज चढवणाऱ्या द्रावणाचे चार ते सहा थर, मग खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन नळी गरम असतानाच तेल.

गज (दारू-गोळी ठासायची काठी) हिकरीच्या लाकडाचा असेल तर त्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जातात का ते बघा. रेषा बाजूला निघून जात असतील तर तो गज ठासताना तिरका मोडतो आणि तळव्यात घुसतो. असा गज परत पाठवा. नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडापाशी खूण करा, बंदूक भरलेली आहे का हे नंतर त्या खुणेवरून कळतं. पहिला बार खांद्याला लावून नको. रायफल जुन्या टायरांना बांधा, चापाला लांब दोरी लावा आणि आडोशामागून ओढा. दारू फक्त काळी, माप नळी बनवणाऱ्याने दिलेलं. बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते.