घरी धिंगरी वाढवताना पिशवी हिरवी पडली, पुन्हा करून बघू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की धिंगरी अळंबीची एक पिशवी घरी भरली, आठवडाभर पांढरे धागे छान पसरले, मग मधूनच हिरवे डाग उठले आणि सगळं फेकावं लागलं. आता पुन्हा खटपट करावी का, आणि त्यापेक्षा बटण मशरूमच लावलं तर?

पुन्हा करा, आणि धिंगरीच करा. मी बरीच वर्षं घरातल्या एका कोपऱ्यात धिंगरी वाढवतो आहे आणि माझी पहिली पिशवीही अशीच गेली होती. धागे पसरले म्हणजे तुमचं बियाणं जिवंत होतं. चूक बहुधा त्याच्या आधीची आहे, काड, म्हणजे अळंबी ज्यावर वाढते तो पेंढा, तयार करतानाची.

तो हिरवा रंग ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीचा. ती हवेत, धुळीत, हातावर सगळीकडे असते. काडावर धिंगरी आधी बसली तर ट्रायकोडर्माला जागा उरत नाही आणि ती आधी बसली तर धिंगरी हरते. काड गरम पाण्यात ठेवतात ते धिंगरीला या शर्यतीत चार पावलं पुढे सोडण्यासाठी. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा ३ ते ५ सेंटिमीटर लांबीचा कापायचा, रात्रभर भिजवायचा आणि मग ६५ ते ७५ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवायचा. थर्मामीटर वापराच. वरचं पाणी कढत लागतं, पण मधला गठ्ठा कोमटच राहिलेला असतो. म्हणून काड ढवळत राहायचं आणि तास मोजायला सुरुवात मधलं काड तापल्यावर करायची. धो धो उकळूही नये. काड लिबलिबीत होतं आणि त्यातले उष्णता सोसणारे उपयोगी जीवाणूही मरतात, जे एरवी परक्या बुरशीला थोपवून धरतात.

आता ओलावा. माझी पिशवी यानेच गेली, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. काड गरम पाण्यातून काढलं, थोडं निथळलं आणि मी लगेच भरून टाकलं. पाचव्या दिवशी पिशवीच्या तळाशी पिवळसर पाणी साचलं होतं आणि नाक जवळ नेलं तर आंबट वास. तिथे हवाच पोचत नव्हती, धागे वरूनच थबकले होते आणि दोन दिवसांत त्याच सीमेवर हिरवळ आली. तेव्हापासून मी काड स्वच्छ जाळीवर पसरून पूर्ण गार होऊ देतो आणि मूठभर घेऊन घट्ट पिळतो. बोटांच्या बेचक्यात एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर अजून थांबायचं. आणि तळहात कोरडाच राहिला तर काड जास्त सुकलंय. साधारण ६५ टक्के ओलावा लागतो, म्हणजे १ किलो कोरड्या काडाचं वजन भरतेवेळी पावणेतीन-तीन किलोच्या आसपास असायला हवं. काटा असेल तर एकदा वजन करून बघा, मग मुठीला आपोआप सवय होते.

एवढ्या काडाला १०० ते १५० ग्रॅम बियाणं, म्हणजे स्पॉन, पुरतं. बियाण्याची पिशवी उजेडात धरून नीट बघा. दाणे पांढऱ्या धाग्यांनी घट्ट बांधलेले असावेत, वास ताज्या अळंबीचा यावा. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबूस वास असेल तर ते वापरूच नका. साबणाने हात धुऊन, पंखा बंद करून काडाचा एक थर, वर बियाणं, पुन्हा काड असं दाबून भरत जायचं. पोकळी राहिली की तिथलं काड सुकतं. तोंड बांधायचं आणि चारही बाजूंनी सुईने वीसेक भोकं पाडायची.

यापुढचं नीट कळलं की निम्मं काम झालं. धिंगरीच्या आयुष्याचे दोन टप्पे आहेत आणि दोन्ही टप्प्यांत तिला अगदी उलट गोष्टी हव्या असतात. पहिले १५ ते २० दिवस तिला बंद, अंधारी, उबदार जागा हवी. २२ ते २८ अंश बरे. या दिवसांत पिशवी उघडायची नाही, पाणी मारायचं नाही, कौतुकाने दाबून बघायचं नाही. धागे वाढताना स्वतःची उष्णता सोडतात, त्यामुळे पिशवीचं पोट खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतं. म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

पिशवी सगळीकडून पांढरी झाली आणि हाताला ठोकळ्यासारखी घट्ट लागली की दुसरा टप्पा. आता तिला मोकळी हवा, उजेड, भरपूर दमटपणा आणि थोडा गारवा हवा. पिशवीला चार-सहा ठिकाणी ब्लेडने चिरा द्या. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका असला की झालं, थेट ऊन नको. पाणी दिवसातून दोन-तीनदा, पण आजूबाजूच्या भिंतीवर आणि भोवती टांगलेल्या कापडावर फवारायचं. कोवळ्या कोंबांवर थेट मारलं तर ते पिवळे पडून कुजतात.

चार-पाच दिवसांत चिरेतून टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके डोकावतात. सकाळी बघितलेला ठिपका दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढा झालेला असतो. ते बघायला मी अजूनही उठल्या उठल्या तिकडेच जातो. या दिवसांत अळंबीचा आकारच काय कमी पडतंय ते सांगतो. देठ लांबच लांब आणि छत्री बटणाएवढी राहिली तर कार्बन डायऑक्साइड साचलाय, खिडकी उघडा. छत्रीच्या कडा तडकल्या तर दमटपणा कमी पडतोय.

काढणी छत्रीची कड खाली वळलेली असतानाच करा. कड सपाट होऊन वर वळू लागली की पांढरी भुकटी पडायला लागते. ते बीजाणू असतात आणि बंद खोलीत रोज श्वासातून गेले तर खोकला, दम्यासारखा त्रास होऊ शकतो. घरात कुणाला दमा असेल तर झोपायच्या खोलीत पिशव्या ठेवूच नका. पूर्ण झुबका मुळाशी धरून पिरगळून काढायचा, देठाचे तुकडे मागे ठेवायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर येतो, मग बहुतेकदा तिसरा. १ किलो कोरड्या काडापासून सगळे बहर मिळून अर्धा-पाऊण किलो ताजी अळंबी आली तर तुमचं काम चांगलं जमलं समजा. नेहमी शिजवूनच खा. आणि पिशवीतून तुम्ही लावलेल्या जातीपेक्षा वेगळी दिसणारी काही छत्री उगवली तर ती चाखायचीही नाही, पिशवीसकट टाकून द्यायची.

हिरवा डाग कधी आला यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. पहिल्या तीन-चार दिवसांत नेमका दाण्यांभोवती आला तर बियाणं खराब. तुमच्यासारखा आठवड्याने मधूनच आला तर काड नीट तापलं नाही किंवा ओलं राहिलं. दोन बहर घेऊन झाल्यावर आला तर पिशवी म्हातारी झाली एवढाच अर्थ, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. डाग दिसलेली पिशवी घरात उघडू नका, ती हिरवी पूड म्हणजे लाखो बीजाणू. तशीच दुसऱ्या पिशवीत गुंडाळून बाहेर न्या. पुढच्या खेपेला एका मोठ्या पिशवीऐवजी तीन छोट्या भरा, म्हणजे एक गेली तरी दोन हाताशी राहतील.

जात मात्र खोलीचं तापमान बघून निवडा. गुलाबी धिंगरी उकाडा बऱ्यापैकी सोसते, ऑस्ट्रिएटस नावाच्या करड्या धिंगरीला गारवा लागतो. बटण मशरूमचं म्हणाल तर त्याला नुसतं काड चालत नाही. आधी दोन-तीन आठवडे कंपोस्ट कुजवावं लागतं, त्यावर मातीसारख्या आच्छादनाचा थर द्यावा लागतो आणि अळंबी येताना १४ ते १८ अंशांचा गारवा सलग टिकवावा लागतो. धिंगरीचे दोन-तीन बहर हातून नीट निघेपर्यंत मी तरी तुम्हाला त्या वाटेला जा म्हणणार नाही.