स्वयंपाकघर आवरताय? नवे डबे आत्ताच आणू नका

डबे आधी आणले की पसारा तोच राहतो, फक्त डब्यांत जातो. एका वेळी एकच फळी ओट्यावर रिकामी करा. झाकण नसलेला डबा, डबा नसलेलं झाकण सरळ भंगारात. आइसक्रीमचे रिकामे डबे दोनच ठेवा (मोह होतो, माहीत आहे). रवा, बेसन, डाळी ताटात पसरून बघा. जाळी किंवा किडे दिसले तर शेजारचे डबेही तपासा. जुन्या पिठावर नवं ओतू नका, कीड तिथूनही लागते. डबा धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, ओल राहिली की गुठळ्या होतात. रोजचं सामान हाताच्या उंचीवर, जड कुकर खाली, सोऱ्या-पुरणयंत्र माळ्यावर. नावाची पट्टी डब्याच्या अंगावर लावा. झाकणं घासताना बदलतात.